पुढारीपणा नको, पुढाकार हवा!

भोपाळच्या वस्त्या, पचमढीचे तंबू आणि १९२४ चे आपले बेळगाव : किशोरवयीन मुलांच्या नेतृत्वाचे काही धडे

वार्षिक परीक्षा संपत आल्या की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके घरात पडू लागतात. ‘दहा दिवसांत व्यक्तिमत्त्व विकास’, ‘सभाधीटपणा व वक्तृत्व’, ‘उद्याचे नेते घडवणारे निवासी शिबिर’. फी भरली की मुलाला टोपी मिळते, टी-शर्ट मिळतो आणि शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र. मूल घरी येते, चार दिवस पहाटे उठते, खणखणीत आवाजात बोलते. पाचव्या दिवशी जेवलेले ताट तसेच सोडून उठते आणि आई ते उचलते.

मग त्या दहा दिवसांत नेमके काय शिकवले गेले?

आपल्या भाषेत या विषयाची एक गंमत आहे. ‘नेतृत्व’ म्हटले की आपल्याला अभिमान वाटतो, पण ‘पुढारी’ म्हटले की कपाळाला आठी पडते. ‘फार पुढारीपणा करू नकोस’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कुणी मोठे झाले नसेल. या दोन्हींच्या मध्ये तिसरा एक साधा शब्द आहे : पुढाकार. समोर काम दिसले आणि कुणी सांगायच्या आत हात पुढे झाला, म्हणजे पुढाकार. तेरा ते एकोणीस या वयात मुलांना खरे तर एवढेच शिकायचे असते. माईक, हार आणि फोटो नंतर आले तरी चालतात, आले नाहीत तरी बिघडत नाही.

हा पुढाकार मुलांमध्ये कसा येतो, याची काही उत्तरे मध्य प्रदेशात, भोपाळ आणि त्याच्या आसपास सापडतात. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवासमुळे मराठी माणसाला तो प्रदेश परका नाही. भोपाळ म्हटले की आपल्याला मोठा तलाव आठवतो, भारत भवन आठवते आणि १९८४ ची ती रात्र आठवते. पण किशोरवयीन मुलांवर विश्वास टाकण्याचे काही मोठे प्रयोगही याच भागात झाले आहेत.

सहा-आठ जणांची टोली

पहिला थांबा पचमढी. सातपुड्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी भारत स्काउट्स आणि गाइड्स संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातले स्काउट शिक्षक येथे तयार होतात. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि दोरीच्या गाठी एवढीच स्काउटची ओळख आपल्याकडे उरली असली, तरी त्या पद्धतीचा प्राण वेगळ्याच गोष्टीत आहे. तो आहे ‘टोली’त, म्हणजे सहा ते आठ मुलांच्या छोट्या गटात.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली, तर काही कष्टकऱ्यांच्या घरातली. त्यांनी मुलांच्या चार टोल्या केल्या आणि प्रत्येक टोलीचा प्रमुख मुलांमधूनच नेमला. मोठ्यांनी हुकूम टोलीप्रमुखाला द्यायचा, टोली त्याने सांभाळायची. स्वयंपाक बिघडला, तंबू गळला, कुणी रडू लागले तर आधी टोलीनेच बघायचे. पुढच्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक आले आणि ही पद्धत जगभर पसरली.

भारतात सुरुवातीला हा खेळ गोऱ्या मुलांपुरताच होता. तो आपल्या मुलांपर्यंत आणण्यात पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, ॲनी बेझंट अशा मंडळींचा मोठा वाटा. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली. याच कुंझरूंच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये एन.सी.सी. उभी राहिली आणि १९४९ मध्ये तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला.

सहा-आठ हा आकडा सहज ठरलेला नाही. साठ मुलांच्या वर्गात एक मॉनिटर होतो आणि एकोणसाठ जण बघत बसतात. सहांच्या टोलीत लपायला जागाच नसते. लाकडे कुणी आणली नाहीत तर चूल पेटत नाही. आज पाणी भरणारा उद्या हिशेब ठेवतो आणि परवा टोलीप्रमुख होतो. पद फिरते राहिले की त्याची नशा चढत नाही, आणि दुसऱ्याच्या कामाची किंमतही कळते.

प्रश्न विचारणारी मुले

पचमढीच्या पायथ्याशी होशंगाबाद जिल्हा. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेल्या डॉ. अनिल सद्गोपाल यांनी सहकाऱ्यांसह या जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था सुरू केली. नावातच किशोर! १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने मिळून सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळाच कार्यक्रम हाती घेतला. तोच पुढे ‘होशंगाबाद विज्ञान’ म्हणून नावाजला.

येथेही टोलीच होती, चार-चार मुलांची. पुस्तकात उत्तर छापलेलेच नव्हते. फूल कापून बघायचे, बिया रुजवायच्या, मोजायचे, लिहायचे, आणि चौघांचे पटले नाही तर पुन्हा करून बघायचे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा आणि हाताने करायचा प्रयोग. मनात येतील ते प्रश्न मुलांनी ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक मित्राला पत्राने कळवायचे आणि सवालीरामने प्रत्येकाला उत्तर द्यायचे. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे भोपाळ. १९८५ पासून एकलव्यने ‘चकमक’ हे मुलांचे मासिक काढले. त्यातल्या ‘मेरा पन्ना’ या सदरात लेखक आणि चित्रकार मुलेच.

विज्ञानाच्या तासाचा नेतृत्वाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे. ‘गुरुजी, तुम्ही म्हणता तसे येथे होत नाही’ असे तेरा वर्षांच्या मुलीने हातात पुरावा धरून, नम्रपणे पण न घाबरता म्हणणे, ही पुढाकाराची पहिली पायरी आहे. ‘हो’ म्हणणारे अनुयायी सगळीकडे मिळतात. ‘का?’ विचारणारी माणसे घडवावी लागतात.

राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम शाळांतून बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले. एकलव्यची पुस्तके, मासिके आणि मुलांबरोबरचे इतर काम मात्र पुढे चालू राहिले.

विषारी पाण्याच्या काठावर

आता भोपाळ शहरात येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ही हकिगत आपण जाणतो. आपल्याला कमी माहीत असते ती पुढची गोष्ट. कारखाना बंद पडला, पण त्याच्या आवारात आणि आजूबाजूला टाकलेला रासायनिक कचरा तेथेच राहिला, मुरत गेला आणि जवळच्या वस्त्यांच्या हातपंपांत उतरला. वायूच्या रात्री जी जन्मलीही नव्हती, ती मुले हे पाणी पीत वाढली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. कारखान्यात साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा पिथमपूरला नेऊन जाळण्याचे काम संपायला २०२५ साल उजाडले. जमिनीत मुरलेल्या विषाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

या लढ्याचे नेतृत्व बरेचसे बायकांनी केले. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी वायुपीडित. एक मुस्लिम, एक हिंदू. पीडित स्त्रियांसाठी सुरू झालेल्या स्टेशनरीच्या कारखान्यात त्या कामाला होत्या. तेथे त्यांनी कामगार स्त्रियांची संघटना उभारली. २००४ मध्ये दोघींना पर्यावरणासाठीचे गोल्डमन पारितोषिक मिळाले. त्या पैशातून त्यांनी ‘चिंगारी’ हा न्यास स्थापून वायू आणि दूषित पाण्यामुळे अपंगत्व आलेल्या मुलांसाठी केंद्र सुरू केले.

अशा आया-मावश्या रोज डोळ्यांसमोर असल्यावर मुले गप्प कशी बसतील? वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपला एक गट केला. ‘चिल्ड्रन अगेन्स्ट डाऊ-कार्बाइड’ हे त्याचे नाव. युनियन कार्बाइड कंपनी २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली होती, म्हणून नावात दोन्ही. २००६ आणि २००८ अशा दोनदा वायुपीडित भोपाळहून दिल्लीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर पायी गेले. दुसऱ्या पदयात्रेत या वस्त्यांतली मुलेही चालत होती.

येथे एक पालक म्हणून मनात चलबिचल होतेच, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. मुलांची जागा शाळेत की आंदोलनात? मोठी माणसे आपल्या कामासाठी मुलांना पुढे तर करत नाहीत ना? कोणत्याही पक्षाच्या मिरवणुकीत झेंडे देऊन शाळकरी पोरे उभी केलेली आपण पाहतो, तेव्हा हा प्रश्न पडायलाच हवा.

त्याला तपासण्याची एक चांगली पट्टी आहे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी एक ‘शिडी’ मांडली. तिला आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. पहिली, मुलांना न कळता त्यांचा वापर करून घेणे. दुसरी, मुलांना शोभेसाठी उभे करणे. तिसरी, नावापुरते बोलायला लावणे. त्यानंतरच्या पायऱ्यांवर मुलांना काम समजलेले असते, त्यांचा सल्ला घेतला जातो, आणि सर्वांत वर काम मुलांनी सुरू केलेले असते व निर्णय मोठ्यांबरोबर मिळून होतात. १९८९ च्या बालहक्क संहितेतले बारावे कलमही हेच सांगते की, मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

ही पट्टी लावून बघा. जे मूल रोज हंडा घेऊन पाण्यासाठी रांगेत उभे राहते, ज्याचे धाकटे भावंड आजारी आहे, त्याला ‘स्वच्छ पाणी द्या’ या मागणीचा अर्थ कुणी पढवावा लागत नाही. आपण कशासाठी चाललो आहोत, हे त्याला माहीत असते. याउलट आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांपुढे दुसऱ्याने लिहून दिलेले पाठ भाषण करणारे मूल या शिडीवर कुठे बसेल, याचा विचार प्रामाणिकपणे करावा. ते तिसऱ्या पायरीच्या वर जाणार नाही.

एका भिंतीजवळचे वाचनालय

नेतृत्वासाठी मोर्चाच हवा असेही नाही. भोपाळच्याच दुर्गानगर झोपडपट्टीत एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतून आल्यावर घराबाहेर पुस्तके मांडायला सुरुवात केली. राज्य शिक्षा केंद्राकडून मिळालेली मोजकी पुस्तके, बाजूला बसलेली वस्तीतली पोरे, आणि कोणते पुस्तक कुणाकडे आहे याची नोंद ठेवणारी ही चिमुरडी. वाचून झाले की पुस्तकात काय होते तेही ती विचारी! ‘किताबी मस्ती’ हे वाचनालयाचे नाव. २०१६ मध्ये नीती आयोगाने तिचा सन्मान केला, तेव्हा देशाला तिची माहिती झाली. पण सन्मानापेक्षा तिची रोज संध्याकाळची ती नोंदवही मोलाची. जे काम कुणी बघत नसतानाही रोज होते, तेच माणूस घडवते.

हे आपल्याला नवे नाही

वाचकहो, हा वारसा आपल्या मातीतही आहे. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे तरुण स्वयंसेवक तुरुंगात गेले. सुटकेसाठी माफी मागायला त्यांनी नकार दिला. त्याच वर्षाअखेरीस काकिनाडा काँग्रेसमध्ये त्यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव काँग्रेस अधिवेशन आपल्या बेळगावात भरले. हजारोंच्या त्या मेळ्यात व्यवस्था, शिस्त आणि स्वच्छता सांभाळण्यात हर्डीकरांच्या स्वयंसेवकांनी मोठे काम केले. व्यासपीठावरची भाषणे इतिहासात गेली. पण ती शांतपणे ऐकता आली, ती खाली राबणाऱ्या पोरांमुळे!

पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल नव्या रूपाने उभे राहिले. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख, तर साने गुरुजी साऱ्यांची माउली. शाखेत जात विचारली जात नसे. सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके असे कलावंत दिले. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती तर बुद्धिमान मुलांतून समाजासाठी नेतृत्व घडवावे याच हेतूने. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीची माणसे हराळी गावी गेली आणि तेथेच काम उभे करून राहिली.

या साऱ्यांचे विचार वेगवेगळे, पोशाख वेगळे, गाणी वेगळी. पण पद्धत पाहिली तर सारखीच. लहान गट, खरे काम, वर्षानुवर्षे चालणारी भेट, आणि पाठीशी उभे राहणारे पण पुढे न येणारे एखादे मोठे माणूस.

कोण बाहेर राहते?

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात १० ते १९ वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती. त्यांतली किती या शिबिरांच्या मांडवापर्यंत पोहोचतात? फी परवडणाऱ्यांची मुले पोहोचतात. मुलगी वयात आली की ‘आता पुरे’ म्हणून तिचे मैदान सुटते. मुलगा दहावीत गेला की ‘आधी मार्क, मग बाकीचे’ म्हणून त्याचेही सुटते. ज्यांना पुढाकाराची सर्वांत जास्त गरज, तीच मुले बाहेर राहतात.

यावर उपाय करणारेही आहेत. भोपाळमध्ये ‘मुस्कान’ ही संस्था वस्त्यांतल्या मुलांबरोबर, विशेषतः पारधी आणि गोंड मुलांबरोबर काम करते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींच्या कपाळी जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो १९५२ मध्ये कागदावर पुसला गेला. पण पोलिसाला पाहून दचकणाऱ्या पारधी मुलाच्या मनातून तो अजून पुसायचा आहे. अशा मुलाने चार लोकांत उभे राहून आपले नाव स्पष्ट सांगणे, हे कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीपेक्षा मोठे आहे.

याच राज्यातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. एका जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये तेथे चक्क स्केटबोर्डचे मैदान सुरू झाले. नियम दोनच : शाळेत गेला नाहीत तर खेळायला मिळणार नाही, आणि मुलींचा नंबर आधी. ना भाषण, ना प्रवचन. त्या गावातल्या आशा गोंड या आदिवासी मुलीने २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत भारतातर्फे भाग घेतला. ‘मुलींचा नंबर आधी’ या तीन शब्दांनी जे होते, ते स्त्री-पुरुष समानतेवरच्या तासाभराच्या व्याख्यानाने होत नाही.

पालकांनी काय करावे?

शिबिराला पाठवू नका असे मुळीच नाही. जरूर पाठवा, पण पत्रकातले फोटो पाहण्याऐवजी पुढील प्रश्न विचारून पाठवा.

१. गट केवढा आहे? शंभर मुले आणि एक वक्ता असेल तर ती सभा आहे, शिबिर नव्हे.

२. मुलांकडे खरे काम कोणते? स्वयंपाक, हिशेब, सफाई, वेळापत्रक यांतले काही मुले स्वतः करणार आहेत की सारे आयते मिळणार आहे?

३. जबाबदारी फिरती आहे का? की पहिल्या दिवशी धीट दिसलेलाच मुलगा शेवटपर्यंत पुढे राहणार?

४. शिबिर संपल्यावर काय? आठवड्यातून एकदा भेटणारा गट वर्षभर टिकला, तर तो दहा दिवसांच्या धामधुमीहून कितीतरी मोलाचा.

५. मुलगी सुरक्षित आहे का, देखरेखीला स्त्री कार्यकर्त्या आहेत का, आणि तक्रार करायची तर कुणाकडे? हे विचारण्यात संकोच नको.

याहून महत्त्वाचे शिबिर मात्र आपल्या घरातच भरते. महिन्याच्या किराणा सामानाची यादी आणि पैसे एकदा पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन पाहा. गणेशोत्सवात गल्लीतल्या पोरांना आरास, वर्गणी आणि जमाखर्च तिन्ही सांभाळू द्या, आणि शेवटी हिशेब साऱ्यांसमोर वाचायला लावा. आजोबांना दवाखान्यात नेण्याचे काम मुलीकडे सोपवा. चुका होतील. साखर जास्त येईल, पावती हरवेल, नंबर चुकेल. त्या वेळी ‘तरी मी म्हटलेच होते’ हे वाक्य गिळता आले, तर पालक म्हणून आपणही पास झालो!

मुलाच्या हातून काम हिसकावून घेऊन ते आपणच नीट करून टाकायचे, आणि नंतर त्याच मुलाला नेतृत्व शिकायला फी भरून पाठवायचे, हा उलटा कारभार आहे. पोहायला शिकवायचे तर मुलाला पाण्यात उतरू द्यावेच लागते. काठावर आपण उभे असलो म्हणजे झाले.

येत्या सुट्टीत पत्रके पुन्हा घरात येतील. त्यांतले एखादे निवडताना भोपाळच्या त्या नोंदवहीची आठवण ठेवावी. आणि पत्रक बाजूला ठेवून एकदा मुलालाच विचारावे, ‘आपल्या गल्लीत तुला काय बदलावेसे वाटते?’ उत्तर आले की घाईने सल्ला देऊ नये. फक्त विचारावे, ‘मग सुरुवात कधी करतोस? आणि तुझ्याबरोबर कोण कोण आहे?’